काशीरामआबांचं गाऱ्हाणं

नितेशने जयंतीचे केस मुठीत धरून तिचं तोंड लॅपटॉपजवळ नेलं.

"वाच. काय लिहिलंय?"

"दुरुस्ती झाली नाही, असं लिहिलंय."

"परत चालव."

तिने परत बटण दाबलं. टेबलावरची एक्स्टर्नल डिस्क टकटकली, थांबली, पुन्हा टकटकली. दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरची निळी पट्टी जराशी सरकली आणि तिथेच अडकली. सकाळपासून हेच चाललं होतं.

"सारखं चालवू नकोस रे. डिस्क मरतेय. अशाने आहे तेही जाईल. आधी जे निघतंय ते काढून..."

थप्पड गालावर बसली, ओठ फुटला. बाकीचं वाक्य तोंडातच राहिलं.

डिस्क काल पडली होती. आमटीत मीठ जास्त झालं म्हणून नितेशने टेबलाला लाथ घातली आणि चालू डिस्क फरशीवर आपटली. आता तो म्हणत होता, तूच काठावर ठेवलीस. चोराच्या उलट्या बोंबा, असं लोक हसून म्हणतात. त्यांना त्या चोराबरोबर एका खोलीत राहायचं नसतं.

नितेश लग्नांचं शूटिंग करायचा, त्याची बायको जयंती एडिटिंग. डिस्कमध्ये याच भांडुपातल्या सुगंधाकाकींच्या मुलीचं लग्न होतं. काकींचे सासरे काशीरामआबा यांनी मांडवात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं होतं: "बा देवा महाराजा, ह्या पोरांचो संसार सुखाचो कर. कोण आडवो येत असात, तर तेका दूर कर रे महाराजा!" आणि सगळा मांडव ओरडला होता, "होय महाराजा!" पुढच्याच पंधरवड्यात आबा गेले. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. त्यांचा धाकटा मुलगा गुणाजी काल फोनवर म्हणाला होता, "फिल्म नाय मिळाली तर तुझा कॅमेरा तुझ्याच डोक्यात घालीन." नितेश तेव्हापासून घाबरला होता, आणि घाबरलेला नितेश चिडलेल्या नितेशपेक्षा वाईट.

"कॉपी कुठंय? तू नेहमी करतेस ना कॉपी?"

जयंतीने ओठावरचं रक्त ओढणीने टिपलं. एक वाक्य बोलली असती, तर मार थांबला असता. कॉपी होती. जोगेश्वरीला, आईच्या कपाटात, तिच्या गुणपत्रिका आणि चार साड्यांबरोबर एका बॅगेत. आईकडे गेली की ती आपली एकेक वस्तू तिथे ठेवून येत होती. दुसऱ्या स्टुडिओत काम मागायला आपलं काम दाखवावं लागेल, म्हणून लग्नांच्या फाइलीही नेल्या होत्या. कॉपीचं सांगितलं असतं तर नितेश ती आणायला गेला असता, त्याने बॅग पाहिली असती, आणि मग दाराला बाहेरून कुलूप. मागे एकदा लागलं होतं. त्या कुलपाची तिला कोपऱ्यातल्या ट्रायपॉडच्या मारापेक्षा जास्त भीती वाटायची.

"या वेळी नाही केली."

त्याने ट्रायपॉड उचलला. पहिला फटका तिने हातावर घेतला, दुसरा खांद्यावर बसला. ती खाली कोसळली आणि टेबलाचा पाय धरून राहिली. त्याने बरगडीत लाथ घातली.

"आहे का नाही? बोल!"

"नाही."

"खोटं बोलतेस!"

"नाही रे. नाही केली."

अखेर तोच दमला. स्क्रीनवर नवी सूचना आली होती. ती त्याने मोठ्याने वाचली: ही डिस्क दुरुस्त करता येत नाही, जमेल तेवढं दुसरीकडे काढून ठेवा.

"वाट लागली यार," म्हणत तो तिच्याशेजारी बसला आणि लहान मुलासारखा रडला. मग त्याने डिस्क नॅपकिनमध्ये गुंडाळली.

"घाटकोपरला एक जण डिस्क उघडून बघतो म्हणे. जाऊन येतो." दारात तो वळला. "जास्त लागलं का गं? हळद लाव. आणि चहा करून ठेव, डोकं उठलंय माझं."

त्याची पावलं जिन्यावरून उतरेपर्यंत जयंती हलली नाही. उठताना बरगडीतून अशी कळ आली की तिला ओट्याला धरावं लागलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. सुगंधाकाकी होत्या.

"जयंती, नितेश फोन उचलत नाय गो. खरा सांग, आमच्या आबांचो आवाज गेलो काय?"

"नाही काकी. माझ्याकडे आहे, जोगेश्वरीला. मी आत्ता तिकडेच निघालेय. पण तो नितेशकडून मिळणार नाही, माझ्याकडूनच मिळेल." तिला दम घ्यावा लागला. "काकी, गुणाजीभाऊंना आमच्या जिन्यापाशी पाठवाल? मला एकटीला उतरायची भीती वाटते."

पलीकडे काकींनी आवाज हळू केला.

"मारल्यान काय गो तुका?"

शेजारच्या बायका हे विचारायच्या, आईही विचारायची. लग्न झाल्यापासून जयंती सगळ्यांना बाथरूममध्ये पाय घसरला म्हणून सांगत आली होती.

"होय," ती म्हणाली, आणि चपला शोधू लागली.