बाबांचे शर्ट टाका

गोधडी अर्धीच राहिली. हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. धाकटीने अजून सुईसुद्धा ओवलेली नाही.

बाबा गेल्याला चार महिने झाले होते. तेव्हापासून धाकटीचं डोकं, हात आणि शिलाई मशीन तिघंही संपावर होती. बाबांसाठी रडू येत नाही याची तिला काळजी वाटत नव्हती, आणि वाटत नाही याची मात्र थोडी वाटत होती. पूर्वी ती भिंतीवर टांगायच्या गोधड्या करायची. आता नुसती भिंत बघायची. बाथरूमशेजारच्या त्या भिंतीला ओल आली होती आणि ओलीची कड रोज बोटभर सरकायची. घरात दुसरं काही हलत नव्हतं.

धाकटी रोज सकाळी त्या कडेवर पेन्सिलने रेघ मारू लागली. मग ती कड कापडात उतरवायचा नाद लागला. चहाच्या पाण्यात मांजरपाट बुडवून पाहिलं. नुसतं मळकं दिसलं. गंजक्या खिळ्यांना गुंडाळून ठेवलं. ते भिंतीपेक्षा फारच तांबडं, तापट निघालं.

त्याच आठवड्यात वहिनीने कपाट आवरून एक पिशवी दाराशी ठेवली. वर कचरेवाल्यासाठी चिठ्ठी : ‘बाबांचे शर्ट. टाका.’

धाकटीने टाका घातला.

नऊ शर्ट, सगळे राखाडी. पण धुऊन धुऊन प्रत्येकाचा राखाडी वेगळा. कॉलरखाली गडद, कोपराशी विरलेला. ओलही तशीच होती, आत फिकट आणि काठाला गडद. दिवसाला एक रेघ, एका रेघेला एका शर्टाची पट्टी, वर धावदोरा. हात कामावर रुजू झाले. बाकीची धाकटी अजून बाहेरच बसली होती.

“अगं बाई! टाका म्हणजे फेकून द्या!” वहिनी किंचाळली.

“मग फेका लिहायचं ना, वहिनी.”

“शर्ट फाडलेस त्यांचे, आणि डोळ्यांतून एक थेंब नाही!”

“सध्या भिंतीचं चालू आहे.”

वहिनी हसली, मग आपण हसलो म्हणून चिडली आणि तिने प्लंबरला फोन लावला.

सहावी पट्टी झाली त्या दिवशी तो आला. वरच्या मजल्यावर जाऊन पाइप बदलून आला. “आता वीस वर्षं इकडे बघायला नको, ताई.”

“मी बघतच होते,” धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कड जागची हलली नाही. तिसऱ्या दिवशी मागे सरली. सातवा शर्ट मांडीवर घेऊन धाकटी भिंतीसमोर बसली. मग तिने पेन्सिल उचलली आणि पाणीपुरवठा विभागाला लिहिलं :

‘महोदय, वरच्या मजल्यावरील गळती कोणतीही पूर्वसूचना न देता बंद करण्यात आली आहे. सदर गळतीवर तीन शर्ट अवलंबून आहेत. अर्जदारास वडिलांबद्दल अद्याप काहीही वाटलेले नाही. नवव्या शर्टापर्यंत वाटेल, असा अंदाज होता. तरी गळती मिनिटाला चार थेंब या पूर्वीच्याच दराने, सुट्टीचे दिवस धरून, तात्काळ पूर्ववत करण्यात यावी.’