जळक्या गुळाचं कालवण

एकोणीसशे चव्वेचाळीस सालच्या डिसेंबरात, नाताळाला दोन आठवडे राहिले असताना, मरिया मकासरेच्या दारात एक काळा शिपाई येऊन उभा राहिला. नगरच्या छावणीत गोरे शिपाई पुष्कळ होते, पण असा माणूस त्या चाळीत कोणी पाहिला नव्हता. उंच, रुंद खांद्यांचा, केस लोकरीसारखे, आणि अंगावर साहेबांसारखाच खाकी गणवेश. टोपी हातात धरून तो खाली मान घालून उभा होता. त्याच्याबरोबर आलेले चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "मरियाबाई, हे एज्रा. जमैका नावाचं बेट आहे समुद्रापलीकडे, तिथले. आसामात शलमोनबरोबर होते."

मरियाने हातातलं सूप खाली ठेवलं. शलमोन तिचा नवरा. छावणीतल्या एका साहेबाच्या बंगल्यावर तो अठरा वर्षं खानसामा होता. मार्चमध्ये साहेबाची पलटण आसामकडे निघाली, तेव्हा साहेबाने विचारलं आणि हा स्वयंपाकी म्हणून बरोबर गेला. सप्टेंबरात तार आली. तापाने गेला, तिकडेच पुरलं. तारेत एवढंच होतं.

"रोझी," तिने मुलीला हाक मारली, "बाज टाक बाहेर. बसा म्हनावं त्यान्ला."

रोझी चौदा वर्षांची होती, मिशनच्या शाळेत शिकायची. तिला इंग्रजी जेमतेम यायचं, पण त्या दिवशी घरात तेवढंच होतं. एज्राला लष्करातलं मोडकंतोडकं हिंदुस्तानी येत होतं. दोन्ही मिळून काम भागलं. तो हवाई दलाच्या मोटारगाड्या दुरुस्त करायचा. दीड महिन्यासाठी नगरला काम शिकायला पाठवलं होतं. आल्याबरोबर त्याने छावणीतल्या गोऱ्यांच्या चर्चमध्ये न जाता मराठी चर्च शोधून काढलं, कारण शलमोनने त्याला त्याच चर्चचं सांगितलं होतं.

तो शलमोनबद्दल फारसं बोलला नाही. निघताना मात्र रोझीला काहीतरी हळूच म्हणाला.

"आई, ते विचारतायत, पुढच्या रविवारी तुमच्या चुलीवर एक कालवण करू का? मोठ्याच्या मटणाचं. बाबा आणि ते तिकडे मिळून करायचे."

मरिया त्याच्याकडे बघत राहिली. सप्टेंबरपासून तिच्या चुलीवर मांस चढलं नव्हतं. कोणी बंदी घातली नव्हती, तिलाच नको वाटायचं. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि ती म्हणाली, "करा म्हनावं."

रविवारी उपासना आटोपल्यावर एज्रा आला तो पिशवी घेऊनच. झेंडीगेटच्या कसायाकडून आणलेलं बैलाचं मटण, बटाटे, गाजरं, गुळाचा खडा, आणि रेशनचं थोडं गव्हाचं पीठ कागदात बांधलेलं. मरियाने आदल्या रात्री पावटे भिजत घातले होते, कारण त्याने रोझीकरवी तसं सांगून ठेवलं होतं. बाह्या सारून तो चुलीपाशी उकिडवा बसला. एवढा मोठा माणूस, पण चुलीपुढे बसायची त्याला सवय होती हे लगेच कळलं. लाकूड कुठलं आधी घालायचं आणि कुठलं मागून, हे त्याने कुणाला विचारलं नाही.

मटणाचे मोठाले तुकडे करून त्याने त्याला कांदा, लसूण, आलं, मिरी आणि मीठ चोळलं. मग तो उठला आणि अंगणात इकडेतिकडे बघू लागला. दाराशी एका फुटक्या डब्यात पानओवा लावलेला होता. मुलांना खोकला झाला की मरिया त्याचा रस द्यायची. एज्राने एक जाड पान तोडलं, बोटांत चुरडलं, नाकाशी नेलं आणि तसाच उभा राहिला.

"हेच," तो म्हणाला. "माझ्या आईच्या दाराशीही हेच असतं. शलमोन मला म्हणाला होता, माझ्या घरी आहे. मला खरं वाटलं नव्हतं."

मग त्याने कढईत तेल टाकून गूळ घातला. गूळ विरघळला, फेसाळला, लाल झाला, आणि काळा पडायला लागला तरी हा हलेना. घरभर करपल्याचा वास सुटला.

"अहो, जळला की समदा!" मरिया पुढे झाली. "रोझे, सांग त्यान्ला. गूळ मिळत न्हाई आजकाल."

एज्रा पहिल्यांदाच हसला. रोझीने त्याचं बोलणं उलगडून सांगितलं, "आई, ते म्हणतात, बाबासुद्धा असेच ओरडले होते. त्यांनी तर यांच्या हातातली कढईच काढून घेतली होती."

काळ्या झालेल्या गुळात त्याने मटण टाकलं. मोठा चर्र आवाज झाला, धूर उठला, आणि तुकडे बघता बघता तपकिरी झाले. त्यानंतर करपट वास गेला आणि त्याच्या जागी एक गोड, खमंग वास आला. त्यात हळद नव्हती, लाल तिखट नव्हतं. एज्राने सांगितलं, त्यांच्या बेटावर एकाच झाडाचे मण्यांसारखे दाणे असतात, त्यांना लवंग, दालचिनी आणि मिरी या तिन्हींचा वास असतो. ते आसामात कुठून मिळणार? शलमोनने तो वास कसा असतो ते ऐकून घेतलं, विचार केला, आणि तिन्ही जिन्नस कुटून हातावर आणून दिले. "तो मोठा खानसामा होता," एज्रा म्हणाला. "साहेबाच्या टेबलावर त्याचं नाव कोणी घेत नसे. पण मी सांगतो, मोठा होता."

मरियाने पदर तोंडाला लावला.

कालवण तीन तास शिजायचं होतं. पावटे घातले, पानओव्याची पानं आणि तेच तीन जिन्नस कुटून घातले, पाणी घातलं, आख्खी हिरवी मिरची देठासकट वर ठेवली. ती फुटू द्यायची नाही, नुसता वास उतरू द्यायचा. मग एज्राने पीठ घट्ट मळलं आणि त्याचे छोटे गोळे तळहातांत वळून बोटासारखे लांबट केले. रोझी आणि मरियाही वळायला बसल्या. हात कामात असले म्हणजे बोलायला सोपं जातं. मरियाने मान वर न करता विचारलं, "शेवटाला कोन हुतं त्यांच्यापाशी?"

"मी होतो," एज्रा म्हणाला. "चार दिवस."

त्याने सांगितलं ते रोझी थांबत थांबत मराठीत सांगत गेली. पावसाळा होता. रस्ते खचले होते. शलमोनला ताप आला तरी तो दोन दिवस स्वयंपाक करत राहिला, कारण दुसरा कोणी नव्हता. तिसऱ्या दिवशी तो चुलीपाशीच पडला. दवाखान्याच्या तंबूत खाटा भरल्या होत्या, म्हणून त्याला बाहेर ताडपत्रीखाली ठेवलं. एज्रा काम सुटलं की येऊन बसायचा. शलमोनला आधी इंग्रजी, हिंदुस्तानी येत होतं, पण ताप डोक्यात गेल्यावर तो फक्त आपल्या भाषेत बोलायला लागला. तिथे ती भाषा कळणारं कोणीही नव्हतं.

"एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणायचा," एज्रा म्हणाला. "मला वाटलं पाणी मागतो. मी पाणी द्यायचो. तो प्यायचा, आणि पुन्हा तेच. मी ते पाठ करून ठेवलंय. त्याच्या घरच्यांना कळेल म्हणून."

मग त्या परक्या माणसाने सावकाश, एकेक अक्षर जपून उच्चारत म्हटलं, "मारिये, कडी काड."

रोझीने आईकडे पाहिलं. मरियाच्या हातातला पिठाचा गोळा तसाच राहिला होता.

जानेवारीत त्यांचा चार वर्षांचा दानीएल घटसर्पाने गेला होता. घरातला तो धाकटा. त्याला जाऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते, आणि शलमोन आसामला जायला तयार झाला. त्याला घरात राहवत नव्हतं. मुलाची खेळायची जागा दिसली की तो उठून बाहेर जायचा. पण हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही, आणि मरियाला ते दिसलं नाही. तिला एवढंच दिसलं की पोराच्या थडग्यावरची माती अजून ओली आहे आणि बाप साहेबाला जेवू घालायला चाललाय. आदल्या दिवशी ती त्याला नको ते बोलली. "जा, आन् परत माझ्या दारात येऊ नगा," असंही बोलली. पहाटे तो सामान चर्चपाशी उभ्या असलेल्या लॉरीत टाकून निरोप घ्यायला परत आला, तेव्हा तिने आतून कडी घातली होती. तो दाराला कपाळ टेकून हळू हळू म्हणत होता, शेजारपाजारच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू, "मरिये, कडी काड. मरिये, कडी काड." ती आत दाराला पाठ लावून बसली होती. लॉरीचा भोंगा वाजला. तो गेला.

रोझी त्या पहाटे अंथरुणात जागी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मायलेकी त्याबद्दल एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

"याचा अर्थ काय?" एज्राने विचारलं.

मरिया म्हणाली, "सांग त्यान्ला."

"आई..."

"सांग. दार उघड म्हनत हुते. आन् मी उघडलं न्हाई, ते बी सांग."

रोझीने सांगितलं. एज्राचा चेहरा असा झाला, जणू निरोप आणला आणि हातातून काहीतरी फोडून बसला. त्याने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाला, "मला माहीत असतं तर मी आणलं नसतं."

"न्हाई," मरिया म्हणाली. "बरं झालं आनलं. तिकडं कुनाच्या कानावर तरी पडलं. मी म्हनत हुते, त्यान्ला माजा रागच आला आसंल. रागात गेले आसतील." ती उठून मोरीपाशी गेली आणि तिथे भिंतीला धरून रडली. रोझी मागे गेली. दोघी एकमेकींना धरून रडत होत्या तेवढ्या वेळात एज्राने राहिलेले गोळे वळले, कालवणात सोडले आणि झाकण ठेवलं.

ऊन कलल्यावर ते जेवायला बसले. रस्सा काळपट तपकिरी आणि दाट झाला होता. मटण बोटाने दाबलं की धाग्याधाग्याने सुटत होतं. एज्राच्या घरी ते भाताबरोबर खातात, पण इथे भाकरी होती. मरियाने पहिला घास खाल्ला. गोडसर, तिखट, ओव्याचा वास असलेलं ते कालवण तिच्या नवऱ्याने कुठेतरी पावसात बसून खाल्लं होतं. ती सावकाश जेवली, पण जेवली.

"तो म्हणायचा," एज्रा म्हणाला, "घरी गेलो की हे आईसाठी करीन. तिला दात नाहीत, या मटणाला दात लागत नाहीत."

मरियाचा हात ताटात थांबला. शलमोनची आई, कडूबाई, कोल्हारला प्रवरेच्या काठी एकटी राहायची. तार आली तेव्हा मरिया पाळकसाहेबांबरोबर तिच्याकडे गेली होती. म्हातारी तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. पाणीसुद्धा दिलं ते पाळकसाहेबांच्या हातात. त्यानंतर मरिया पुन्हा तिकडे गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने उरलेलं कालवण उकळून डब्यात भरलं, वर फडकं बांधलं आणि मनमाड रस्त्याची मोटार धरली. लढाईमुळे मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. चढ आला की उतारूंना उतरून ढकलावं लागे. कोल्हार यायला दुपार झाली.

कडूबाई दारात उन्हाला बसली होती. सुनेला बघून तिने तोंड फिरवलं, पण जा म्हणाली नाही. मरियाने आत जाऊन चूल पेटवली, कालवण गरम केलं, भाकरी कुस्करून ताट पुढे ठेवलं.

"काय हाय हे?"

"ह्यांनी शिकलेलं कालवन हाय. तिकडं, आसामात. तुमच्यासाटी करनार हुते."

म्हातारीने एक तुकडा तोंडात घातला आणि टाळूला दाबून गिळला. दुसरा घेतला. मरिया तिच्यासमोर जमिनीवर बसली. वाटेत मोटारीत तिने पुष्कळ शब्द जुळवले होते, त्यातला एकही आठवेना.

"आत्या, ते निगाले तवा मी कडी घातली हुती. त्यांनी लई हाका मारल्या. मी दार उगडलं न्हाई."

कडूबाई खायची थांबली.

"मनमाडला जाताना लॉऱ्या हितं नदीपाशी थांबल्या हुत्या त्या दिशी," ती म्हणाली. "पळत आला हुता मला भेटाया. मी इचारलं, मरिया आली हुती का घालवाया? तर म्हनला, झोपली हुती, लेकरामागं लई दिस झोप न्हाई तिला, म्हून उटवलं न्हाई." म्हातारीने ताट बाजूला सारलं. "मी म्हनलं, काय बाई हाय. नवरा लढाईवर चाललाय आन् ही झोपती. तवाधरनं तुझ्यावर राग धरून हाय मी."

मरियाने कपाळ गुडघ्यांवर टेकवलं. दाराबाहेरून निघाल्यावर त्याने हे खोटं वाटेत कुठेतरी जुळवलं असणार, तिच्यासाठी.

"उगडायला पायजे हुतंस," कडूबाई म्हणाली.

"व्हय."

"उगडायला पायजे हुतंस गं."

"व्हय, आत्या."

म्हातारीच्या सुरकुतल्या गालांवरून पाणी ओघळत होतं, ते तिने पुसलं नाही. तिने हात पुढे केला, मरियाचा दंड चाचपत धरला आणि घट्ट धरून ठेवला. नदीवरून गार वारा येऊ लागला तेव्हा कडूबाई म्हणाली, "नगरची मोटार गेली आसंल आता. रोजीपाशी कोन हाय?"

"शेजारच्या लंकाबाई हायेत."

"मंग ऱ्हा आज." तिने ताट पुन्हा जवळ ओढलं. "थंड झालंय. वाईच गरम कर, आन् तुला बी घे."

मरिया उठून चुलीपाशी गेली.