यादीतलं पहिलं नाव

माझा हात तोंडाच्या आधी चालतो, लांजीत कोणालाही विचारा. त्याच गुणावर मला सिनेमात काम मिळालं.

बालाघाटच्या रजतने एका ऐंशी वर्षं जुन्या मराठी गुप्तहेर कादंबरीवर मारधाडीचा हिंदी सिनेमा काढायला घेतला होता. कादंबरीतले अप्पा दाणी म्हणजे निवृत्त कारकून, कोणावर बोटही उगारत नाहीत. खून झाला की कोरा कागद घेतात, संशयितांची यादी करतात आणि पहिलं नाव स्वतःचं लिहितात. ते पुराव्यानिशी खोडता आलं, तरच दुसऱ्या नावाकडे वळतात. मी ते वाचून पोट धरून हसलो होतो. खुनी मोकाट आणि हा गृहस्थ आपलंच नाव गिरवत बसलाय! रजतने तो भाग काढूनच टाकला. त्याचा दाणी तरणाबांड होता आणि कबुली ठोशानेच घ्यायचा. ते ठोसे हिरोच्या बदली मी मारायचो, कॅमेऱ्याकडे पाठ करून.

शूटिंग एका बंद पडलेल्या राइस मिलमध्ये चाललं होतं. माझा धाकटा भाऊ पवन गुंडांपैकी एक होता. हत्यारांची पेटी प्रेमलालकाकांकडे असायची. खैरलांजीचा साठीला टेकलेला माणूस, किल्ली करदोड्याला बांधलेली.

खंडेनवमीला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी घरचा कोयता पूजेसाठी सेटवर नेला. सिनेमाचे चार कोयते त्याच्याच जोडीचे होते. आमच्या लोहाराने माझा नमुना बघून ते घडवले होते, फक्त धार दिली नव्हती. मी पाचही कोयते धुतले, ओळीने मांडले, प्रत्येक पात्यावर कुंकू ओढलं, झेंडू वाहिला. पूजा झाल्यावर एक मोटरसायकलच्या थैलीत टाकला आणि चार काकांकडे दिले.

“पूजलेल्या हत्याराले आज हात नाही लावत, भाऊ,” काका म्हणाले. “सीन उद्या करा न.”

“काका, कल मिल खाली करनी है,” रजत म्हणाला. मीही त्याचीच री ओढली.

पवन कोयता घेऊन माझ्यावर धावून येणार, मी तो हिसकणार, गर्रकन वळून त्याच्या खांद्यावर हाणणार. दोन टेकमध्ये मी पातं खांद्याच्या अलीकडेच थांबवलं. तिसऱ्याला मी जोर वाढवला. बोथट पातं आपटून घसरायला हवं होतं. ते रुतलं. ओढून काढलं तर त्यामागून रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर आली. तिकडे रजत टाळ्या वाजवत होता. पवन गुडघ्यावर बसला, उघड्या पडलेल्या हाडाकडे पाहिलं आणि म्हणाला, “दादा, हा तर खरा होय.”

पोरांनी त्याला जीपमध्ये घातलं. मीही बसायला हवं होतं. नाही बसलो. माझ्या हाताने माझा भाऊ कापला गेला होता, आणि मला त्याच क्षणी दुसरा कोणी तरी हवा होता.

“पेटी कोणाकडे असते?” मी ओरडलो.

काका पुढे आले. “माह्याकडे. पण मी...”

पहिला ठोसा तोंडावर बसला. दोन दात माझ्या मुठीला लागून पडले. केस धरून मी त्यांना पोत्यांच्या थप्पीवर आपटलं.

“धारेचा कोयता काहून ठेवला?”

“मले नाही मालूम, भाऊ. मी चार मोजले.”

“रोज तर तू धारेवर अंगठा फिरवून मगच देतो. आज काहून नाही फिरवला?”

“कुंकू होतं त्याच्यावर. पुसलं असतं.”

मला ऐकायचंच नव्हतं. आदल्या दिवशी पवनने त्यांच्या चालण्याची नक्कल केली होती, ते मला आठवलं. सीन उद्या करा म्हणाले होते, तेही आठवलं. सगळं कसं जुळत होतं! मी बरगड्यांत लाथा घातल्या. ते दाराकडे सरपटायला लागले, तर उजव्या हातावर टाच देऊन उभा राहिलो. बोटं काटक्यांसारखी मोडली. आजूबाजूला वीस माणसं होती. एकानेही मला धरलं नाही, कारण महिनाभर आम्ही सगळे हेच तर करत होतो.

“कोणं ठेवला?”

“हौ भाऊ,” काका म्हणाले. “मीच ठेवला. मीच.”

तेव्हा मी थांबलो. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

संध्याकाळी दवाखान्यातून पवनचे कपडे न्यायला घरी आलो. हात वाचला होता, बोटं हलतील की नाही ते डॉक्टर सांगत नव्हते. माझी बायको मंजू रडून रडून बसली होती. “पवनभाऊजीच्या नावानं कोहळा तरी कापा,” ती म्हणाली. “सकाळपासून तसाच ठेवला आहे.”

मी थैलीतून कोयता काढून हाणला. कोहळा घरंगळत चुलीपाशी गेला. तिने तो आणून पुन्हा पुढ्यात धरला. मी दुसऱ्यांदा हाणलं, तिसऱ्यांदा हाणलं. सालीवर नुसते वळ उठले.

“अवो, धार काहून गेली याची?”

मी पात्यावर अंगठा फिरवला. कुंकू पुसलं गेलं आणि खाली पळीच्या काठासारखी गुळगुळीत कड लागली. माझा कोयता मीच काकांच्या हाती दिला होता. पेटीत चारच होते, त्यांनी मोजले ते बरोबर होते.

सकाळी तो कोयता पुरावा म्हणून कापडात गुंडाळला आणि दवाखाना गाठला. तिथेच दाखल केलेल्या काकांच्या खाटेपाशी हवालदार लिहून घेतलेलं बयाण घेऊन बसला होता. उशाशी काकांची बायको गोदाबाई उभी होती. काकांचा एक डोळा पूर्ण मिटला होता. मी कापड सोडलं, कोयता दिसला, आणि त्या माणसाने मोडका हात डोक्यावर घेतला.

“मीच ठेवला, भाऊ! सांगतलं मी साहेबाले. मीच ठेवला.”

गोदाबाई मध्ये आली. “आता काय जीव घेता का त्याहिचा? कालपासून काहीही विचारलं तं हौच म्हणून राह्यले.”

मी कोयता जमिनीवर ठेवला आणि मागे सरकलो. पूजा, पाच कोयते, थैली, कोहळा, सगळं हवालदाराला सांगितलं. “साहेब, पहिलं नाव माझं लिहा. धर्मेंद्र. कोयता मी बदलला, पवनवर मीच चालवला, काकाले मीच मारलं.”

हवालदाराने कागद उलटून पाहिला. “ये तो खुद कबूल कर चुका है. अंगूठा भी लगा दिया.” मग त्याने काकांकडे मान वळवली. “क्यों काका, कोयता इसने रखा था?”

“काका, हौ म्हणा,” मी हात जोडले. “तुमच्या पाया पडतो. एकदा हौ म्हणा.”

काकांनी उघड्या डोळ्याने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, जोडलेल्या हातांकडे पाहिलं.

“नाही जी, साहेब,” ते म्हणाले. “मीच ठेवला.”