दुसऱ्या हौदातला खड्डा

राजनंदिनीच्या हौदाभोवती पोरांचा घोळका दिसला की करुणाच्या पोटात दुखायचं, आणि या दुखण्यावर ओवा चालत नाही.

हौद म्हणजे वस्तुसंग्रहालयाच्या अंगणातला मातीनं भरलेला सिमेंटचा चौकोन. तळाला वाळू, तिच्यावर काळी माती, सगळ्यांत वर मुरूम. वाळूत सातवाहन काळासारखी खापरं, काळ्या मातीत निजामाच्या नाण्यांच्या नकला, मुरमात आजचा कचरा. रविवारी शाळेची पोरं यायची, ब्रश आणि खुरपी घेऊन उत्खनन करायची. जितकं खाली तितकं जुनं, हे त्यांच्या हातांनाच कळायचं. कल्पना सगळी करुणाची. पण दिवाळीनंतर ही राजनंदिनी नोकरीला लागली, तिच्यासाठी दुसरा हौद बांधला, आणि पोरं तिकडेच पळू लागली. करुणा काठावर उभी राहून माहिती सांगायची. ही बया पोरांबरोबर मातीत फतकल मारून बसायची. आता संग्रहालयाचे प्रमुख शिवराज सर म्हणत होते, रविवारचा उपक्रम दोघींपैकी एकीकडेच देऊ. कुणाकडे, ते या रविवारी बघून ठरवणार होते.

करुणा जळत होती, आणि आपण जळतोय हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून काय थांबली? छे! शनिवारी संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर तिनं राजनंदिनीच्या हौदात कोपरभर खड्डा केला, पार खापरांच्या खाली सोड्याच्या बाटलीचं झाकण पुरलं आणि वरून मुरूम सारखा केला. उद्या सरांसमोर फजिती झाली म्हणजे कळेल.

रविवारी हर्सूलची शाळा आली. थोड्या वेळात अमृता नावाची एक चिमुरडी ओरडली, "ताई, खापराच्या खाली झाकण! सातवाहन लोक सोडा प्यायचे व्हय?"

पोरं खो खो हसली. सर जवळ आले. राजनंदिनी लालबुंद झाली, आणि करुणाच्या मनात लाडू फुटू लागले.

"झाकण उचलू नका," राजनंदिनी म्हणाली. "आधी त्याच्या बाजूची माती बघा."

पोरं पालथी पडून बघू लागली. "वाळूत काळी माती कशी काय आली?" "मुरूम बी हाय!" "डाग गोल हाय ताई, गोल!"

"वरून खड्डा केलाय कुणीतरी," अमृता म्हणाली. "आपल्या आधी."

"कशाला केला असेल?" राजनंदिनीनं विचारलं.

"चोरायला!"

"मग नेलं काय?"

अमृतानं खापरं चाचपून पाहिली. सगळी होती. "कायबी नाय नेलं. नुसतं नासवलंय. लई जळत असंल कुणीतरी."

करुणाला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. तेवढ्यात राजनंदिनीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम खुलला.

"करुणाताई, हे तुमचंच काम ना? पोरांना कोडं म्हणून! आणि मला पत्ता लागू दिला नाहीत!"

करुणा कसंबसं "हो" म्हणाली. पोरांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या तिला थपडांसारख्या लागल्या.

सर खूश होते. "वा! बिघडलेला थर कसा वाचायचा, हे आपण कधी शिकवलंच नव्हतं. राजनंदिनी, उपक्रम आजपासून तुझ्याकडे. आणि करुणाताई, दर शनिवारी हिच्या हौदात असा एक खड्डा तुम्ही करून ठेवत जा. इतक्या मनापासून दुसऱ्या कुणाला जमायचा नाही."