उडत्या पावण्याला बायको हवी का?

मी एक जुनं चित्रांचं पुस्तक आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नाही बसला तर माझं काही अडत नाही. मित्रांनो, खरं सांगणाऱ्याने घाबरायचं कशाला?

माझा जन्म अमेरिकेतल्या एका छापखान्यात झाला. छापखाना एवढा लांबलचक, की एका टोकाहून कोरा कागद घेऊन निघालेल्या पोराला दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत मिशा फुटायच्या. माझ्या पानापानांवर एक बहाद्दर आहे. अंगाला चिकटलेला जांभळा पोशाख, तोंडावर मुखवटा, पाठीला पिवळं उपरणं. तो आभाळात उडतो, कोसळणारा पूल खांद्यावर झेलतो, तोफेचा गोळा चेंडूसारखा परत फेकतो.

एका गोऱ्या सोजिराच्या पिशवीतून मी लढाईवर इटलीत गेलो. तिथे आपल्या मराठा पलटणीतल्या जोतिबा नावाच्या शिपायाने त्या सोजिराला मिरचीचा ठेचा चाखायला दिला. सोजीर असा उंच उडाला, की माझ्यातल्या बहाद्दरानेसुद्धा मान वर करून पाहिलं. खाली आल्यावर जोतिबाने त्याला पाणी पाजलं. त्या उपकाराखातर त्याने मला जोतिबाच्या हवाली केलं.

लढाई संपली आणि मी जोतिबाच्या पत्र्याच्या ट्रंकेतून सांगलीजवळच्या त्याच्या गावी आलो. काय माझा मान होता, मित्रांनो! शेतावरून आलेली माणसं हातपाय धुऊन सोप्यात बसायची, आणि मगच मला उघडायचं. इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. जोतिबाला यायचं तेही परेडपुरतं. तो चित्रं बघून मनाने गोष्ट सांगायचा, आणि खरं म्हणाल तर ती माझ्यातल्या गोष्टीपेक्षा चांगली असायची. बहाद्दराचं खरं नाव वाचता येईना, म्हणून गावाने त्याला ‘उडता पावणा’ करून टाकलं. एकच दुःख होतं. पान उलटताना जो तो बोट जिभेवर ओलं करायचा. तुम्ही असं करू नका.

एके दिवशी जोतिबाच्या आईने, बनुबाईंनी, मला नाकाजवळ धरून बघितलं.

“व्हय रं, ह्येचं लगीन झालंय का?”

“न्हाई आये.”

“मग ह्येची कापडं कोण धुतंय? हितं बघावं तर मारामारी, आन फुडच्या पानावर आपला कोरा करकरीत!”

शेजारच्या रंगूबाई वाकून बघत म्हणाल्या, “आन सारखा धूर सोडतोय तोंडातनं. एवढी बिडी वडणाऱ्याला कोण पोरगी देनार?”

धूर कसला, मित्रांनो! माझ्यातली माणसं जे बोलतात, ते त्यांच्या तोंडापाशी पांढऱ्या ढगात छापलेलं असतं.

“आवं मावशी, त्यो बोलतोय,” जोतिबा म्हणाला.

“बोलतोय, मग आमाला का ऐकू येत न्हाई?”

जोतिबाने डोकं खाजवलं. मला डोकं असतं तर मीही खाजवलं असतं.

तुम्ही हसताय, पण बनुबाईंना हसू येत नव्हतं. त्यांनी जोतिबासाठी रहिमतपूरच्या आप्पासोंची लेक लीलाबाई पसंत केली होती. सुपारी फुटली होती, वैशाखातली तिथी धरली होती. आणि जोतिबाच्या मनात भरलं होतं पुन्हा पलटणीत जायचं, तेही मागे कुणाला न ठेवता. पोरगा ऐन वेळी नाही म्हणाला तर काय, या घोराने त्या माउलीच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

“आये, ह्यो उडतो कशापायी?” जोतिबा माझ्यावर बोट ठेवून म्हणाला. “मागं कुनी न्हाई म्हनून. बायको आली की मानूस जडावतो. आमच्या पलटणीतला आकाराम बघ. गोळी सुटली की आमी फुडं, आन ह्यो खिशातला पोराचा फोटू चाचपत मागं.”

“मग आता कुठं हाय त्यो?”

“हाय की. घरी ऊस लावलाय त्यानं.”

“आन फुडं गेल्याली?”

जोतिबाने मला मिटलं. त्या दिवशी पुन्हा उघडलं नाही.

आठवडा गेला आणि त्याने मला काखेत मारलं नि रहिमतपूर गाठलं. लग्नाआधी नवऱ्यामुलाने असं सासुरवाडीला जायची रीत नव्हती. आप्पासो ओसरीवर उगीच खोकत उभे राहिले. जोतिबाने मला लीलाबाईपुढे ठेवलं आणि आईला सांगितलं तेच तिला सांगितलं.

ही लीलाबाई म्हणजे तीच, जी आत्ता तिकडे सूप घेऊन तांदूळ निवडत बसलीय. तेव्हा तिने मला पहिल्या पानापासून नीट बघितलं. घाई केली नाही, बोट ओलं केलं नाही.

“ह्यो ज्यास्नी सोडवतोय,” तिने विचारलं, “ती मानसं मग कुठं जात्यात?”

“आपापल्या घरी.”

“आन ह्यो?”

तिने शेवटचं पान समोर धरलं. तिथे उडता पावणा एका उंच इमारतीच्या छपरावर एकटाच बसलेला आहे. खाली घराघरांतून दिवे लागलेत. मी ते पान जन्मापासून अंगावर वागवतोय, पण माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

“तुमास्नी पलटणीत जायचं तर जावा,” ती म्हणाली. “मी अडवायची न्हाई. पन परत आल्यावर वाजवायला एक दार असावं मानसाला. काय ते ठरवा. तवर ह्या पावण्याला हितंच ऱ्हाऊ द्या.”

जोतिबा तसाच बेळगावला पलटणीच्या ठाण्यावर निघून गेला. मी मात्र रहिमतपुरात अडकलो. लीलाबाईच्या आईने मला लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवलं. इटलीतल्या तोफा परवडल्या, मित्रांनो, पण खाराच्या तेलाचा तो डाग अजून माझ्या पाठीवर आहे.

लग्नाचा दिवस उजाडला तरी जोतिबाचा निरोप नव्हता. बनुबाई वऱ्हाड घेऊन आल्या, त्या नवऱ्यामुलाशिवायच. “पोरगं परस्पर येनार हाय,” असं विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. दुपारी वळवाचा पाऊस असा कोसळला, की मांडवाची एक बाजू बसली. बातमी आली, तारगावच्या अलीकडे रुळावर झाड आडवं झालंय आणि बेळगावकडची गाडी तिथेच उभी आहे. गोरज मुहूर्त जवळ आला. हळद लागलेली लीलाबाई मान खाली घालून बसली होती. बायका कुजबुजायला लागल्या.

आणि तेव्हा, मित्रांनो, माझं शेवटचं पान फडफडलं! छपरावरचा पावणा उठला, उपरणं झटकलं आणि बरणीवरून जो झेपावला तो थेट तारगावला. गाडीच्या पायरीवर वर्दी घातलेला जोतिबा उभा होता. पलटणीने त्याला घेतलं होतं आणि लग्नाची रजाही दिली होती. पावण्याने त्याला काखेत उचललं, ढगांच्या वरून आणलं आणि रहिमतपूरच्या मांडवात पाटावर अलगद ठेवलं. अंगावर पावसाचा एक थेंब नाही! पावणा तर तो मांडव बघून असा हळवा झाला, की मला म्हणाला, मलाही एखादं स्थळ...

“खोटं! साफ खोटं!”

लीलाबाईने सूप खाली ठेवलं होतं.

“आमच्या आप्पांनी परातीत ह्यांचं पाय धुतलं, तवा पानी काळंभोर झालं. दुसरं घ्यावं लागलं, तेबी काळं झालं. तारगावपासनं रानारानातनं पळत आलं हुतं ते. उडून आलेल्या मानसाच्या पायाला गुडघ्यापातुर चिखूल लागतोय व्हय रं?”