डाव्या सोंडेचा ठसा

सिडनी परेराला उलटं लिहिता येतं, हे ठाकूरद्वारच्या त्यांच्या वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. उभं आयुष्य त्याने फोर्टमधल्या एका जिन्याखाली बसून रबरी शिक्के कोरले. 'पोहोचले', 'खरी प्रत', 'तातडीचे'. रबरावर उलटं कोरायचं, तेव्हा कुठे कागदावर सरळ उमटतं. लग्नाआधी फ्लॉरेन्सला त्याने चिठ्ठी लिहिली तीसुद्धा उलट्या अक्षरांत. तिने ती आरशासमोर धरून वाचली, आरशात स्वतःचं लाजलेलं तोंड पाहिलं आणि तिथेच फसले, असं ती अजून सांगते.

पुढे शिक्के कॉम्प्युटरवर निघायला लागले, जिन्याखालचं दुकान बंद झालं आणि सिडनी घरी येऊन बसला. बसला म्हणजे पार मिटूनच गेला. फ्लॉरेन्सने मुद्दाम भांडण उकरून काढलं तरी भांडेना. मासळी खारट झाली तरी 'छान आहे' म्हणायचा. अशा नवऱ्याचं करायचं काय, हे तिला कळेना.

शक्कल काढली ती त्यांच्या लेकीने, नेरिसाने. "डॅडी, ऑफिसात शिक्के नकोत, पण हाताने कोरलेली डिझाइन लोकांना पायजेत. मासे, पानं, कैऱ्या. तू कोर, मम्मी पिशव्या शिवेल, मी इन्स्टावर टाकते." झालं, जेवणाच्या टेबलाचा कारखाना झाला. ताटं मांडीवर आली. पहिल्याच आठवड्यात कोरलेल्या पापलेटाच्या शेपटीवरून सिडनीने बायकोशी कडाडून भांडण केलं. शेपटीच्या बाबतीत खरं तर तिचंच बरोबर होतं, पण तिला इतकं बरं वाटलं की तिने मुकाट्याने हार मानली.

आणि मग आली लालबागच्या राधाबाईंची ऑर्डर. गौरीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून द्यायच्या कापडी पिशव्या, वर त्यांच्या घरच्या गणपतीचा ठसा. राधाबाईंनी फोटोही धाडला होता. पहिलीच मोठी ऑर्डर! सिडनीने खोलीचं दार लावून घेऊन गणपती कोरला आणि पिशव्यांच्या कापडावर असे दणादण ठसे मारले, की फ्लॉरेन्स ओरडली, "हळू मार ना, मॅन! पोस्टाचा शिक्का आहे काय? शाई आरपार जाते!" पण शिवून झाल्यावर पिशव्यांची चळत पाहून तीही खूश होती.

घोळ नेरिसाच्या लक्षात आला. "मम्मी, फोटोत सोंड या बाजूला आहे. पिशवीवर त्या बाजूला."

फ्लॉरेन्स जन्मली गिरगावात, शेजारपाजारचे मोदक खाऊनच मोठी झाली. उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कडक देव, त्याचं सोवळंओवळं सांभाळावं लागतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. राधाबाईंचा गणपती होता डाव्या सोंडेचा. सिडनीने तो जसाच्या तसा सरळ कोरला होता आणि उमटताना तो उलटला होता. उलटं कोरण्यात केस पांढरे झालेला माणूस नेमकं हेच विसरला?

सिडनीने कोरायच्या पात्या बिस्किटाच्या डब्यात टाकल्या आणि झाकण लावलं. "हात गेला माझा," एवढंच म्हणाला. पिशव्या वाया गेल्याचं फ्लॉरेन्सला काही वाटलं नाही. पण ते झाकण आता पुन्हा उघडणार नाही, ही भीती तिला बसली.

"चल," ती म्हणाली. "चूक आपली, तोंडपण आपणच दाखवायचं." पिशव्या, ठसा आणि नवरा असं सगळं टॅक्सीत कोंबून तिने लालबाग गाठलं.

राधाबाईंच्या चाळीखाली मिरच्या कुटायचं काम जोरात चाललं होतं. शिंकतच दोघं वर चढली. राधाबाईंनी पिशवी हातात घेतली मात्र, त्यांचे डोळे विस्फारले. "अगो बाये! ह्यो उजव्या सोंडेचो! ह्यो वाणात वाटूचो कसो?" मग त्या सिडनीकडे वळल्या. "तुमी तर शिक्केवाले. मग ह्यां असां चुकलां कसां?"

सिडनीने ठसा काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"चुकलं नाय, बाई," तो म्हणाला. "उलटा काढायला बसलो होतो. पेन्सिल हातात घेतली, पण हात होईना. साहेबांची नावं उलटी कोरली, सह्या उलट्या कोरल्या. देवाला कसा उलटा काढू? मग सरळच कोरला. वाटलं, चित्रच आहे, कुणाला काय कळणार."

फ्लॉरेन्सने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. टॅक्सीत सगळ्या वाटेने ती मनातल्या मनात त्याला म्हातारा ठरवत आली होती. तिला स्वतःची शरम वाटली आणि त्याच्यावर भलतंच प्रेम आलं.

राधाबाईंनी हातातली पिशवी उलटी केली आणि बायका बघतात तशी शिवण बघायला लागल्या. बघता बघता थांबल्या. शाई कापडातून आरपार उतरली होती. आतल्या बाजूला, जरा फिकट, पण अगदी डाव्या सोंडेचा गणपती बसला होता.

"ह्यो बघ! ह्यो आमचो बाप्पा!"

"शिवण उसवून सगळ्या पिशव्या उलट्या बाजूने शिवते," फ्लॉरेन्स घाईघाईने म्हणाली. "गौरी यायच्या आत देते, प्रॉमिस."

पण राधाबाईंचं लक्ष आता ठशाकडे गेलं होतं. त्यांनी तो उचलून उजेडात धरला. रबरावरचा गणपती डाव्या सोंडेचा, हुबेहूब त्यांच्या घरचा. त्यांनी पदराने त्याची शाई पुसली, तो देव्हाऱ्यात ठेवला आणि त्याला कुंकवाचं बोट लावलं.

"ह्यो आता हयच रवांदे," त्या म्हणाल्या. "तुमी देवाक सरळ कोरलात. ह्यो शिक्को नाय हो, ही मूर्ती झाली."

सिडनीचे शिक्के आजवर साहेबांच्या ड्रॉवरमध्येच पडून राहिले होते. तो देव्हाऱ्याकडे बघत हात जोडून उभा राहिला, मग सवयीने छातीवर क्रूसाची खूण केली, आणि राधाबाईंनी दोघांच्याही हातावर साखर ठेवली.

घरी येऊन फ्लॉरेन्स पहिली पिशवी उसवायला बसली, तेव्हा पाठीमागे डब्याचं झाकण वाजलं. तिने वळून पाहिलं नाही. टाके तेवढे उसवत राहिली.

"फ्लोरी," सिडनी म्हणाला, "तुझी शिवण फार जाड येते. पिशवी नीट बसतच नाय त्याने."

"माझी शिवण जाड?" तिने कात्री खाली ठेवली. "आणि त्या तुझ्या पापलेटाची शेपटी?"

या खेपेला मात्र हार मानायचा तिचा बिलकुल विचार नव्हता.