रुखवतातलं पिल्लू

रविवारी सकाळी जिंतूरला सूर्यभानरावांच्या ओसरीवर पाहुणे बसले की चहाच्या आधी एक खेळ व्हायचा. सूर्यभानराव आत आवाज द्यायचे, "अर्पिता, टायगरची ताटली आन." सून दूधभाकरीची ताटली आणून ठेवायची. जर्मन शेफर्डचं पिल्लू तोंड घालून दोन घास खातं न खातं, तोच सूर्यभानराव पायानं ताटली ओढून घ्यायचे. पिल्लू गुरगुरायचं. ते ताटली पुढं सरकवायचे, पुन्हा ओढायचे. मग पिल्लू दात विचकून त्यांच्या पायजम्याला लोंबकळायचं आणि ओसरीवर हसू मावायचं नाही.

"बगा, कसं तिखट हाय," सूर्यभानराव मिशीवरून हात फिरवत म्हणायचे. "दारात कुत्रं असावं तर असं."

त्यांचा मुलगा श्रीराम फोन काढून याचे व्हिडिओ करायचा आणि गावभर पाठवायचा. हा श्रीराम कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. वर्गात फळ्यावर प्राण्यांचं वर्तन समजावून सांगतो आणि घरी येऊन हे करतो. अशा शिक्षणाला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

हे पिल्लू या घरात आलं कसं, तेही ऐका. लग्नाच्या बैठकीत सूर्यभानराव छाती फुगवून म्हणाले होते, "आमाला हुंडा नको. आमी सुधारलेले लोक हाव. फक्त पोराची एक हौस हाय, रुखवतात एक जर्मन पिल्लू ठिवा." हल्ली हे नवीन निघालंय. हुंडा म्हणायचं नाही, हौस म्हणायची. अर्पिताचे वडील काशीनाथराव सोनपेठचे, साधे पोस्टातले कारकून. त्यांनी नांदेडहून पिल्लू आणवलं. ते जेमतेम महिन्याचं होतं, आईच्या अंगावरून ओढून काढलेलं. लाडू, करंज्या आणि थर्माकोलचं देऊळ यांच्या मधोमध त्याला टोपलीत बसवलं, गळ्यात लाल फीत बांधली आणि वर डीजे लावला. पिल्लू थरथर कापत टोपलीतच मुतलं. "अगं बाई, किती गोड," म्हणत बायकांनी फोटो काढले. त्याला कुणी पाणी दिलं का, हे विचारायला त्या मांडवात एक माणूस नव्हता.

नव्याचे नऊ दिवस असतात, तसे त्याचेही झाले. या घराला शिकवण्याची हौस मात्र दांडगी. सून आल्यापासून सासूबाई मालनबाई तिला शिकवत होत्या. भाकरी अशी थापायची न्हाई, पाहुन्यापुढं असं बोलायचं न्हाई, हसताना आवाज भाईर जाऊ द्यायचा न्हाई. सुनेला घटकाभर उसंत नव्हती. आणि पिल्लाला? माणसाचा हात चावायचा नसतो एवढंसुद्धा त्याला कुणी सांगितलं नाही. उलट चावलं की टाळ्या पडत. तिखट व्हावं म्हणून सूर्यभानराव त्याच्या भाकरीत ठेचा कालवायला लावत. आठवडाभर परसात आखूड साखळीला बांधायचं आणि रविवारी खेळापुरतं सोडायचं.

अर्पिता एकदा धीर करून म्हणाली, "मामाजी, जेवताना त्याला तरास देऊ नका. त्याला राग धरायची सवय लागायली."

"तुज्या माहेरला कुत्र्याची शाळा हाय व्हय?" सूर्यभानराव म्हणाले. पाहुणे हसले. श्रीरामही हसला.

पिल्लू वाढलं, सुळे वाढले, आणि एका रविवारी खेळ आपोआप बंद झाला. ताटली ओढणाऱ्यालाच आता भीती वाटायला लागली होती. तेव्हापासून टायगर कायमचा परसात राहिला. त्याला ताटली लांबून सरकवायची, एवढाच त्याचा माणसांशी संबंध उरला.

दिवाळीला नणंद रुख्मिणी गंगाखेडहून भाऊबीजेला आली. तिची लेक भक्ती चार वर्षांची. मोठी माणसं फराळाला बसली होती. भक्ती परसात गेली, टायगर जेवत होता, आणि तिनं इवल्याशा पायानं त्याची ताटली ओढली. किंकाळी ऐकून सगळे धावले. पोरीच्या मनगटातून रक्त वाहत होतं.

"चुना आना, मिरची भरा," सूर्यभानराव ओरडले. मालनबाई डबा घेऊन आल्यासुद्धा. अर्पितानं आयुष्यात पहिल्यांदा सासूचा हात बाजूला सारला. पोरीला नळाखाली धरून साबणानं जखम धूत राहिली, रुख्मिणी रडून थकली तरी धूत राहिली. मग श्रीरामला गाडी काढायला लावून सरकारी दवाखाना गाठला. पोरीला इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टरांनी विचारलं, "कुत्र्याला लस दिली होती?" जीवशास्त्राच्या प्राध्यापकांनी मान खाली घातली.

परत येईतो सूर्यभानरावांनी काठीनं टायगरला झोडपून काढलं होतं. ज्या चावण्याला टाळ्या वाजवल्या, त्याच चावण्याला ही काठी. माझं म्हणणं, काठी हातात घेतलीच होती तर ती आधी स्वतःच्या पायावर मारायला हवी होती.

"येडं झालंय ते," निकाल लागला. "राणीसावरगावच्या पल्याड कुठंतरी सोडून या."

"तुज्या माहेरचं कुत्रं," मालनबाई सुनेला म्हणाल्या. "तुज्या बापानं असलं कामून दिलं?" मागून घेतलेल्या वस्तूचा दोष देणाऱ्याच्या कपाळी मारायचा, ही आपली जुनीच रीत.

परभणीच्या बाहेर निवेदिताताई नावाच्या निवृत्त शिक्षिका टाकून दिलेल्या कुत्र्यांसाठी निवारा चालवतात, हे अर्पिताला ठाऊक होतं. तिनं फोन केला. त्यांनी सांगितलं, चावलेलं कुत्रं लगेच कुठं सोडू नका, दहा दिवस बांधून नजर ठेवा, मग या. त्या दिवसांत टायगर खात-पीत राहिला, त्याला काही झालं नाही. वेडा नव्हताच तो. मग श्रीराम, सूर्यभानराव आणि अर्पिता त्याला गाडीत घालून निघाले. सूर्यभानराव मुद्दाम आले होते, सून ऐनवेळी माघार घेईल म्हणून.

निवारा म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड आणि जाळीच्या खोल्या. अर्पिता आत पाहतच राहिली. लॅब्राडोर, पॉमेरियन, जर्मन, आणि सगळी साधारण एकाच वयाची. पिल्लं नाहीत, म्हातारी नाहीत, सगळी वर्षाच्या आगेमागे.

"बरोबर बघितलंत," निवेदिताताई म्हणाल्या. "पिल्लू गोड असतं तोवर घरात. अंगावर उड्या मारतं, चावतं, चपला फोडतं, तेव्हा लोक हसतात. तेच अंगानं वाढलं की माझ्या दारात. चार महिन्यांचं असताना एकही माणूस मला विचारायला येत नाही. याला आणलं तेव्हा किती दिवसांचं होतं?"

"महिन्याचं असंल," श्रीराम म्हणाला.

"दोन महिने तरी आईपाशी हवं. भावंडं एकमेकांना चावतात, जोरात चावलं की दुसरं ओरडून खेळ सोडतं. किती चावायचं ते तिथं कळतं. याला ते कळायच्या आत उचललंत. आणि पुढं तुम्ही काय शिकवलंत?"

"आमी काय शिकवनार?" सूर्यभानराव म्हणाले. "जन्मापासूनच खुनशी हाय ते."

निवेदिताताईंनी ते सोडून दिलं. "ठेवून घेते. नाही म्हटलं तर तुम्ही याला वाटेत कुठल्या पुलावर उतरवाल, हे मला माहीत आहे. पण पुढचं ऐकून जा. लेकराला चावलेलं कुत्रं कुणी घरी नेत नाही. त्या कोपऱ्यातल्या खोलीत राहील. मरेपर्यंत."

"चालंल," श्रीराम म्हणाला.

तळपायाची आग मस्तकाला जावी असा तो शब्द. टायगर त्याच्याच पायाशी बसून त्याच्याच तोंडाकडं बघत होता.

निवेदिताताईंनी वहाणा झटकल्या आणि सहज विचारावं तसं विचारलं, "पोरीनं ताटली का ओढली हो?"

"लेकरू हाय ते," सूर्यभानराव म्हणाले. "त्याला काय कळतंय?"

"लेकरू बघितलेलं करतं. कुणाचं बघितलं?"

श्रीराम फोनमध्ये डोकं घालून उभा राहिला. सूर्यभानराव शेडच्या पत्र्याकडं बघू लागले. उत्तर अर्पितानं दिलं.

"मामाजींचं बघितलं. दर रविवारी ताटली ओढायचे, अन् हे व्हिडिओ काढायचे. भक्तीला फोनवर तेच दाखवायचे. तिला वाटलं, असाच खेळ असतो."

"तोंड सांभाळ," सूर्यभानराव म्हणाले. "लोकाच्या दारात सासऱ्याचं नाव घेतीस?"

"घेते. तवा घरात सांगितलं, तुमी हसलाव. म्हनून आज भाईर सांगायलेय." तिनं श्रीरामच्या हातातून साखळी घेतली. "आत्याबाई रोज म्हनतेत, हे तुज्या माहेरचं कुत्रं. बराबर हाय. रुखवतात आलंय, म्हंजी माजं हाय. मग त्याचं काय करायचं ते मी ठरवनार. ह्यो इथं मरायला राहनार न्हाई. तुमाला घरी चालत नसंल तर गाडी सोनपेठकडं घ्या. आमी दोघं बी तिकडंच उतरतो."

ती टायगरला घेऊन मागच्या सीटवर बसली. गाडी जिंतूरकडंच वळली. मनपरिवर्तन वगैरे काही झालं नव्हतं. सून माहेरी गेली तर गावात तोंड कसं दाखवायचं, एवढीच काळजी. पण वळली.

रुख्मिणीचा फोन आला. "माज्या लेकराच्या हातावर जलमभराचा वण राहिलाय, आन तू त्या कुत्र्याला घरात आनलंस?"

अर्पितानं वाद घातला नाही. "ताई, तुमचं खरं हाय. त्याच्यावर लेकराच्या बाबतीत आता कधीच भरोसा ठेवता येनार न्हाई. भक्ती येईल तवा त्याला खोलीत कोंडून कुलूप लावीन, किल्ली तुमी जवळ ठिवा." हे कुलूप टायगरच्या नशिबी आता कायमचं आहे. लहानपणी दोन महिने नीट शिकवलं असतं, तर ते लागलं नसतं.

निवेदिताताई आता निवाऱ्यात वाट बघत बसत नाहीत. कुणाच्या घरी पिल्लू आलं असं कळलं की त्याच आठवड्यात दारात हजर. पिल्लू हात चावू लागलं की खेळ थांबवा, हात काढून घ्या, चघळायला दुसरं काही द्या. जेवताना छेडू नका. साखळीला बांधून विसरू नका. लस द्या. लोक पाठीमागं "कुत्र्यावाली बाई" म्हणून हसतात. त्यांना हसू द्या. पण तुमच्या घरी सध्या एखादं पिल्लू पाहुण्यांच्या बोटांना चावत असेल आणि तुम्हीही हसत असाल, तर त्या पत्र्याच्या शेडमध्ये एक खोली तुम्ही आजच अडवून ठेवली आहे, हे ध्यानात ठेवा.

टायगरसाठी निवेदिताताईंनी अर्पिताला फोनवर एकच अवघड नेम घालून दिला: ज्यानं ताटली ओढली, त्यानंच वाढायचं. लांब उभं राहायचं, चांगला घास टाकायचा, काही न घेता परत यायचं. माणूस जवळ आला की आपलं जातं, हे त्याच्या डोक्यातून निघायला दुसरा इलाज नाही.

"मी कुत्र्याला वाढू?" सूर्यभानराव कडाडले. जन्मात कुणाच्या पानात चार शितं न वाढलेला माणूस तो. बरेच दिवस ताठून राहिले. पण न्हाणीघर परसात, आणि ते तिकडं निघाले की टायगर उठून गुरगुरायचा. बाकी कुणावर नाही, फक्त त्यांच्यावर. शेवटी एका सकाळी ते मुकाट्यानं भाकरी आणि उकडलेलं अंडं घेऊन उभे राहिले. टायगरनं घास उचलला आणि त्यांच्याकडं बघून गुरगुरला. दुसऱ्या दिवशी तेच. महिना उलटला तरी तेच.

"किती दिस चालनार हे?" त्यांनी सुनेला विचारलं.

"तुमी आठ महिने ओढलं, मामाजी," अर्पिता म्हणाली. "आता आठ महिने वाढा."

सूर्यभानरावांनी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.